चांदणी नसलेल्या चिठ्ठ्या

लोकांना वाटतं, मी विनयानं गप्प बसते. शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंना संस्कृत, पाली, एवढंच काय, जुन्या इराणी आणि ग्रीक शब्दांचंही ज्ञान आहे, पण त्यांनी ते कधी मिरवलं नाही." टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून पेढा खात होते. त्या भल्या माणसाला काय सांगणार, की मिरवण्यासारखं जे होतं ते मी एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातानं नासवून ठेवलं आहे. आता सांगून टाकते. सांगितल्यानं हलकं वाटेल अशी आशा मला नाही. एकदा सांगून पाहिलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आमचं घर यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला, कारखान्यांच्या वसाहतीला लागून. सकाळ आमच्याकडे कोंबड्यानं नाही, भोंग्यानं व्हायची. बाबा सरकीच्या तेलाच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या अंगाला, उशीला, अगदी त्यांच्या चहाच्या कपालाही सरकीच्या पेंडीचा वास असे, आणि माय रोज त्याच वासावरून त्यांना बोलत असे. संध्याकाळी बाबा आंघोळ करून पांढरा सदरा घालत आणि वेगळेच माणूस होत. वस्तीत कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, कुणाची माती असली, की वंदना घ्यायला त्यांनाच बोलावत. भंतेजी प्रत्येक वेळी कुठून मिळणार? बाबांना सगळं पाठ होतं. त्यांच्या बापानं ऐकून पाठ केलं, बापाकडून यांनी. शब्द कुठे तुटतो, कुठे जोडतो, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं, पण आवाज असा लागायचा की रडणारी बाई रडायची थांबायची.

एकदा एका मातीहून ते उशिरा जेवायला बसले. मायनं अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या केल्या होत्या. वर कच्चं तेल सोडून कालवता कालवता ते म्हणाले, "आज एका कॉलेजातल्या पोरानं इचारलं, काका, गच्छामिमंदी 'मी' कोठी आहे? मी मंतलं, बाप्पा, तो शेवटी बसला आहे. पोरगं हासलं. मले समजलं नाही काहून हासलं ते." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि यवतमाळला चव्हाण सरांच्या घरी नेऊन उभं केलं. "सर, हिले पालीचं पोट फाडून दाखवा," म्हणाले. गंमत अशी की बाबांचं उत्तर बरोबरच होतं. 'मी' शेवटीच बसलेला असतो. हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि बाबांना सांगायचं मी विसरले, ते विसरलेच.

चव्हाण सर पुसदकडच्या एका तांड्यावरचे. घरची बोली गोरबोली, शाळेची मराठी. संस्कृत का घेतलं असं कुणी विचारलं की ते सांगत, "त्या वर्गात चारच पोट्टे होते, बाकावर बसाले जागा भेटे." पुढे हायस्कुलात संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली याडी म्हणे. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तिला ते नाव इकडेही चिकटलं. याडी भाकरीला बाटी म्हणायची आणि ती इतकी पातळ थापायची की उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. मी शिकायला गेले की आधी बाटी आणि लसणाची चटणी, मग धातू. उपाशी पोटी धातू चढत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

सर शिकवत कसे? 'दा' हा धातू घेतला तर ते भिंतीला टेकून, डोळे मिटून सुरू करत. संस्कृतात ददाति, पालीत ददाति आणि देति, जुन्या इराणीत ददाइति, ग्रीकांकडे दिदोमि. मग डोळे उघडून, "अन् याडी मले का मंते? बाटी दे! पाह्य, कोठून कोठी आलं!" माझ्या अंगावर काटा यायचा. ज्यांचं नाव-गाव माहीत नाही अशी माणसं हजारो वर्षांपूर्वी एकमेकांना काहीतरी देत होती आणि तोच शब्द याडीच्या चुलीपुढे पडलेला होता. मुळाला काय लागलं, कोणत्या नियमानं स्वर बदलला, कुठला तुकडा गळला, हे जुन्या वैयाकरणांनी एवढं काटेकोर बांधून ठेवलं आहे की नियम हातात आले की रूप आपोआप तयार होतं. मी हुशार होते. खोटा विनय कशाला? सहा महिन्यांत मी कुठलंही रूप सरांच्या आधी तयार करू लागले. एक दिवस घरी बाबांच्या वंदनेतला एक शब्द मी जेवताना सुधारला. बाबा घास थांबवून म्हणाले, "असंन बाई. पण मले जसं भेटलं तसं देतो मी. आपल्या मनचं नाही घालत त्यात." मला त्यांची कीव आली. हे वाक्य आज लिहितानाही मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सरांचं एक काम चाललं होतं. त्यांच्या आयुष्याचंच काम म्हणा. पालीच्या प्रत्येक धातूची जेवढी रूपं जुन्या ग्रंथांत खरोखर सापडतात तेवढी गोळा करायची आणि शेजारी संस्कृतातलं, इराणीतलं, ग्रीकांतलं नातलग रूप मांडायचं. कागद महाग म्हणून याडी गावभरच्या लग्नपत्रिका गोळा करी. त्यांची कोरी पाठ कापून चिठ्ठ्या होत. एका बाजूला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' किंवा 'मंगल परिणय', दुसऱ्या बाजूला धातू. चिठ्ठ्या चपलांच्या खोक्यांत उभ्या लावलेल्या, अशी सोळा खोकी. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला सर 'ठिकाण' लिहायला लावत, म्हणजे ते रूप कोणत्या ग्रंथाच्या कितव्या पानावर कुणी वापरलं आहे ते. ठिकाण नाही तर चिठ्ठी नाही. अपवाद एकच: जे रूप नियमानं होऊ शकतं पण कुठे सापडलेलं नाही, त्याच्या डोक्यावर तांबड्या पेन्सिलीनं चांदणी काढायची. "चांदणी मंजे हे कोणी बोललं नाही, आपण मनानं केलं," सर म्हणत. "हे जो लपवते तो चोर."

मी यायच्या आधीपासूनच सरांची नजर काचबिंदूनं चालली होती. दुसऱ्या वर्षी त्यांना अक्षर दिसेनासं झालं. तेव्हापासून ते पाठ असलेलं सांगत, मी लिहून घेई. जे पाठ नव्हतं ते मी कॉलेजच्या ग्रंथालयातून जाड खंड आणून शोधत बसे. सायकलच्या कॅरियरला बांधून आणलेले ते खंड, त्यांच्या पानांची वाळवीची भोकं, त्या बारीक टायपातलं एकेक क्रियापद. चार-चार तास बसून दोन रूपं सापडत. संध्याकाळी सर विचारत, "आज काय भेटलं?" मी सांगे, "तीन, सर. पण दोनावर चांदणी आहे." त्यांचा चेहरा पडे. नुसतं "असू दे" म्हणत. आणि चांदणी नसलेली चिठ्ठी वाचून दाखवली की तोच चेहरा असा खुले, की याडी आतून येऊन बघून जाई. त्या चेहऱ्यासाठी मी ते केलं. दुसरं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

पहिली चिठ्ठी मला लख्ख आठवते. खाजवणे या अर्थाचा धातू होता. 'त्यांनी खाजवलं', एवढं साधं रूप. तीन दुपारी मी ते शोधत होते. नियमानं ते असं आणि असंच होणार याची मला खात्री होती. मी मनाशी म्हटलं, अडीच हजार वर्षांत काय कुणालाच खाज सुटली नसेल? कुणीतरी बोललंच असेल. ते पान आपल्या हाती लागलं नाही, एवढंच. मी चांदणी काढली नाही. तळाला भिक्खूंच्या आजारांबद्दलच्या प्रकरणातलं एक पान ठोकून दिलं. संध्याकाळी सर मांडीवर थाप मारून हसले, "खाजवलं! वा रे पठ्ठे!" आठवड्यानं मला भीती वाटली आणि ती चिठ्ठी मी फाडून चुलीत टाकली. पण तोवर दुसरी झाली होती. मग तिसरी. पुढे फाडणं राहून गेलं. किती केल्या? मला माहीत नाही. खरं सांगते, माहीत नाही. मी त्यांच्यावर बारीकशी खूणसुद्धा ठेवली नाही, कारण खूण ठेवली असती तर मी काय करते आहे ते मला कबूल करावं लागलं असतं.

अशी दीड-दोन वर्षं गेली असतील. मग बाहेरगावच्या एका संस्थेचं पत्र आलं, की सरांचा संग्रह छापायचा विचार आहे, बघायला कुणीतरी येईल. याडीनं घर सारवलं. सरांनी दाढी करून घेतली आणि सकाळपासून कोट घालून बसले. आल्या त्या एक मध्यमवयीन बाई, सोबत खंडांनी भरलेली पेटी. फार शालीन. चिठ्ठ्या उलटून लग्नपत्रिका वाचून मोकळ्या हसल्या, बाटी मागून खाल्ली. म्हणाल्या, "सर, असं काम मी पाहिलेलं नाही. रीत म्हणून वीसेक चिठ्ठ्या पडताळते." त्यांनी डोळे मिटून निरनिराळ्या खोक्यांतून वीस चिठ्ठ्या ओढल्या. मी दाराशी उभी होते.

सतरा बरोबर निघाल्या. तीन निघाल्या नाहीत. बाईंनी त्या तिन्ही पुन्हा पाहिल्या, मागची-पुढची पानं चाळली. "सर, इथे हे रूप दिसत नाही मला. पान चुकलंय का?"

"वाचा बरं," सर म्हणाले. त्यांनी वाचलं. सर म्हणाले, "दुसरं?" दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. माझं नाव आता येईल, असं मला वाटलं. सर कोटाची गुंडी चाचपत होते. म्हणाले, "हे तिन्ही मी सांगतलेले आहे. डोळे गेल्यावर सगळं डोक्यातून सांगून राह्यलो न मी. मले वाटे, डोकं तरी शाबूत आहे." आणि माझ्या दिशेनं मान वळवून, "पोरीनं तं जसं सांगतलं तसं लिवलं. तिची चूक नाही."

मी तिथेच बोलायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.

बाई जाताना फार मऊ बोलल्या. विसात तीन म्हणजे सगळा संग्रह पहिल्यापासून पडताळल्याशिवाय छापता येणार नाही, आणि तेवढी माणसं त्यांच्याकडे नाहीत. त्या तीन चिठ्ठ्या त्यांनी सोबत नेल्या. पण सरांना संग्रहाचं तेवढं लागलं नाही. मला वाटलं होतं ते छापण्यासाठी झुरतील. ते झुरले नाहीत, ते घाबरले. भिंतीला टेकून एखादा धातू सुरू करत आणि मध्येच थांबत. "हे ग्रीकांचं आहे का मीच केलं व?" असं विचारत. याडीला विचारत, आज बुधवार आहे ना नक्की? तिनं भाकर वाढली की विचारत, मी आधी जेवलो का? एकदा तिनं मला परसात बोलावलं. भांडी घासता घासता म्हणाली, "रत्ना, यायले काय झालं? काल मले मने, तुह्यं माह्यं लगन कोण्या गावाले झालं ते सांग, मले जे आठवते ते खरं आहे का पाहू दे." ती रडत नव्हती, राखेनं तवा घासत होती. ज्या माणसानं तांड्यावरून येऊन तीन-चार मेलेल्या भाषा डोक्यात मांडून ठेवल्या होत्या, त्याचा त्या डोक्यावरचा विश्वास मी काढून घेतला होता. एका शब्दात परत देता आला असता. त्यासाठी मला फक्त चोर व्हावं लागणार होतं.

मला तो शब्द काढायला अकरा दिवस लागले. आजची मुलं म्हणतील, एवढं काय त्यात? भाचा तर म्हणतो, मावशी, आता सगळे ग्रंथ कॉम्प्युटरवर आहेत, एका दिवसात खरं-खोटं निवडून देतो. खोकी आता माझ्याकडे आहेत, पण मी त्याला त्यांना हात लावू देत नाही. निवडून झाल्यावर मी ते कुणाला दाखवू?

बाराव्या दिवशी दुपारी सर एकटे बसले होते. मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. "सर, तुमचं डोकं बरोबर आहे. त्या तीन चिठ्ठ्या मी केल्या होत्या. माह्या मनानं. ठिकाणही मीच खोटं टाकलं. अजून आहेत तशा."

सरांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग हसले. मी त्या हसण्यासाठी तयार नव्हते. "याडीनं सांगतलं न तुले असं बोलाले?"

"नाही सर. खरंच."

"मले सांगतलेलं आठवते रत्ना. ते तिन्ही मी या भिंतीले टेकून सांगतले. तू तिथी बसली होती." त्यांना आठवत होतं. जे झालंच नव्हतं ते आठवत होतं. "तू मायाळू आहे. पण म्हाताऱ्याले असं भुलवू नये."

मी चिडले. कबुली द्यायला आलेल्या माणसाला चिडायचा काय हक्क, पण मी चिडले. खोकं ओढलं आणि म्हटलं, "दाखवते." भराभर चिठ्ठ्या चाळल्या. शिंपडणे या अर्थाच्या धातूची एक चिठ्ठी दिसली आणि मला खात्री पटली, ही माझी. तो खंड नेमका घरातच होता. "ही पाहा सर. हे रूप या पानावर नाही."

"वाच."

मी पान उघडलं. वरून तिसऱ्या ओळीत ते रूप होतं. जसंच्या तसं. मी बोट ठेवून पुन्हा पाहिलं. ही मी खरीच शोधून लिहिली होती आणि मला ते आठवतही नव्हतं. क्षणभर मनात आलं, नाही म्हणावं. त्यांना कुठे दिसतंय? खोटेपणा सिद्ध करायला आणखी एक खोटं, एवढंच लागत होतं. आणि नेमकी त्या दिवशी माझी जीभ वळली नाही. मी ओळ वाचून दाखवली.

"आहे न?" सर म्हणाले.

मी दुसरी चिठ्ठी काढली. तीही निघाली. तिसरीचा खंड ग्रंथालयात परत गेलेला होता. चिठ्ठ्या खाली सांडल्या, अर्ध्या लग्नपत्रिकेच्या बाजूनं पडल्या. मी जमिनीवर बसून रडत म्हणत राहिले, सर, मी केलं आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "तुह्यावरच तं आहे विश्वास," म्हणाले. "माह्यावरच नाही राह्यला."

त्यानंतर ते आठ-नऊ महिने होते. मी रोज गेले. न जाण्याची हिंमत नव्हती. त्यांना शिकवायची सवय सुटत नव्हती, पण पद्धत बदलली. ते एक रूप उच्चारत आणि थांबत. शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या पोरासारखा चेहरा माझ्याकडे करत आणि विचारत, "बरोबर आहे न रत्ना? तू मंशील ते खरं." बहुतेक वेळा ते बरोबर असे. कधीकधी चुकलेलं असे, कधीकधी मलाच ठाऊक नसे. पण थोडं थांबले तरी त्यांचे ओठ कापायला लागत, म्हणून मी थांबत नसे. मी म्हणत असे, "हो सर. बरोबर आहे."